मधली वर्षे आणि मधले शब्द

तरुणांना लैंगिक शिक्षण द्यावे की न द्यावे, या विषयावर मराठीत जे काही लिहिले-बोलले जाते ते बहुधा दोन सालांभोवती फिरत राहते. एक १९३४, म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावरील अश्लीलतेचा खटला; आणि दुसरे २००७, म्हणजे शाळांतील लैंगिक शिक्षणावरून विधिमंडळात झालेला गदारोळ आणि त्यानंतर आलेली स्थगिती. दोन्ही घटना महत्त्वाच्या आहेत आणि दोहोंविषयी आम्हांला पुढे लिहावयाचे आहे. परंतु त्यांच्या मुळाशी असलेला एक बदल असा आहे की, त्याला ठरावीक तारीख नाही, म्हणून त्याच्याकडे इतिहासकारांचे आणि साहित्याच्या अभ्यासकांचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही. वयात येणे आणि लग्न होणे यांच्यामध्ये मराठी कुटुंबात, विशेषतः मुलीच्या आयुष्यात, पूर्वी अंतर असे जवळजवळ नव्हतेच. ते विसाव्या शतकात पडत गेले. तरुणांना काय सांगावे हा प्रश्न त्या अंतरातून जन्माला आला आहे.

एकोणिसाव्या शतकातील ब्राह्मण आणि तत्सम घरांतील रीत वाचकांना ठाऊक आहे. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई, आणि न्हाण आले की ऋतुशांती, फलशोधन होऊन ती नांदावयास जाई. न्हाण ही गोष्ट तेव्हा झाकून ठेवण्याची नव्हती. मुलीला मखरात बसवीत, ओट्या भरीत, सोयऱ्याधायऱ्यांना बोलावीत, बायका गाणी म्हणत. त्या गाण्यांत आणि थट्टामस्करीत जे सांगावयाचे ते सांगितले जाई. ते ज्ञान शास्त्रशुद्ध होते असा आमचा दावा नाही, आणि ज्या वयात ते दिले जाई व ज्यासाठी दिले जाई ते तर क्रूरच होते. मात्र ज्ञान देण्याची एक जागा, एक वेळ आणि देणाऱ्या व्यक्ती ठरलेल्या होत्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ही मर्यादा दहा वर्षांवरून बारांवर नेली, तेव्हा गर्भाधान संस्कारात सरकारने हात घालू नये म्हणून टिळकांनी केलेला विरोध सर्वश्रुत आहे. त्या वादात मुलींच्या देहाविषयी वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले गेले. मुलींचे स्वतःचे म्हणणे त्यांत शोधू गेल्यास हाती फार थोडे लागते. रखमाबाईंनी १८८५ मध्ये 'एक हिंदू स्त्री' या सहीने 'टाइम्स ऑफ इंडिया'त लिहिलेली पत्रे हा त्याला ठळक अपवाद. आणि त्यासुद्धा आपल्यावरील दाव्यामुळे उभ्या मुंबई इलाख्यात आधीच नाव झालेल्या होत्या.

त्याच १८९१ साली धोंडो केशव कर्वे यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई बाळंतपणात वारल्या. थोरला मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा होता. पुढे धोंडोपंतांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले, हा इतिहास शाळकरी मुलांनाही पाठ असतो. आम्हांला त्यातील एकच गोष्ट येथे पुढे आणावयाची आहे. मुलीला वीस-बावीस वर्षांपर्यंत शिकत ठेवणे म्हणजे न्हाण आणि लग्न यांच्यामध्ये आठ-दहा वर्षांचा नवा काळ निर्माण करणे होय. वडिलांनी ही मधली वर्षे मराठी स्त्रीला मिळवून दिली; त्या वर्षांत, आणि त्यांच्या नंतरही, स्त्रीपुरुषांना स्वतःच्या शरीराविषयी काय ठाऊक असावे हा प्रश्न मुलाने विचारला. वडिलांचा गौरव झाला, त्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले. मुलाच्या वाट्याला काय आले ते पुढे येईलच.

या मधल्या वर्षांची पहिली मोठी साहित्यकृती कोणती, असे विद्यार्थ्यांनी विचारले तर आम्ही १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहाचे नाव घेऊ. लेखिका कर्व्यांच्याच संस्थेत शिकलेल्या होत्या, हा योगायोग नव्हे. शिकलेली, मिळवती, लग्न न झालेली स्त्री हिला वासना असते एवढेच त्या कथांनी सुचविले, आणि टोपणनावामागे कोण आहे याचा शोध घेण्यासाठी महाराष्ट्र हिरिरीने पुढे सरसावला. समीक्षेत या संग्रहाकडे स्त्रीच्या व्यथेचे चित्रण म्हणून पाहण्याची प्रथा आहे. तो एका नव्या वयाच्या पोटी आलेला दस्तऐवजही आहे, आणि तसा तो वर्गात क्वचितच शिकविला जातो.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, दापोलीजवळील मुरूडचा. त्या काळी मुरूड आणि मालवण एकाच रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. मालवणात बसून कर्व्यांविषयी लिहिताना हा जुना जिल्हा आठवावा लागतो, कारण त्याची समाजरचना त्यांच्या विषयाशी जवळून बांधलेली आहे. येथील पुरुष पिढ्यान्पिढ्या मुंबईला गिरणीत, गोदीत, खानावळीच्या आधाराने राहिला आणि बायको गावी मनीऑर्डरीची वाट पाहत राहिली. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ आणि सिंधुदुर्गात १०३६ स्त्रिया होत्या. लग्न होऊनही अकरा महिने वेगळे राहणारी जोडपी हा येथला नित्याचा अनुभव. मुंबईहून शिमग्याला किंवा गणपतीला आलेला नवरा सोबत काय घेऊन येतो, याची काळजी कर्व्यांनी 'गुप्त रोगांपासून बचाव' या पुस्तकात ज्या विषयाची मांडणी केली त्याहून वेगळी नव्हती. त्याच पट्ट्यात देवळांशी बांधलेल्या भाविणींची परंपरा होती. तिच्यावर कायद्याने बंदी यावयास १९३४ साल उजाडावे लागले, आणि तिची वेदना मराठी कादंबरीत नीट उतरावयास जयवंत दळवींची 'महानंदा' यावी लागली. म्हणजे लैंगिक व्यवहार समाजाच्या डोळ्यांसमोर होता, त्याला व्यवस्थेत जागाही होती. नव्हते ते त्याच्याविषयी सरळ बोलणे.

कर्वे गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र काढले तेही त्याच वर्षी. १९२३ मध्ये 'संततिनियमन: विचार आणि आचार' प्रसिद्ध झाले. १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढू लागले आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजी मृत्यू येईपर्यंत, सव्वीस वर्षे, त्यांनी ते पदरमोड करून चालविले. शेवटचा अंक त्यांच्या मृत्यूनंतर नोव्हेंबरात निघाला. पत्नी मालतीबाईंच्या साथीवाचून हे शक्य झाले नसते, हे नुसते उपचार म्हणून लिहीत नाही. घरखर्चाचा हिशेब ज्याने मांडून पाहिला आहे त्याला ते पटेल. १९२७ सालीच कादंबरीकार ना. सी. फडके यांचे भारतातील लैंगिक प्रश्नावरील इंग्रजी पुस्तक मार्गारेट सँगर यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले होते, ही गोष्ट मराठीच्या विद्यार्थ्यांना सहसा सांगितली जात नाही. प्रणयकथांच्या लेखकाने या प्रश्नाचा विचार प्रबंधातून करावा आणि कथांतून मात्र तो चांदण्यात व गुलाबी पत्रांत गुंडाळावा, ही विसंगती एखाद्या स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

'समाजस्वास्थ्य'चे अंक आता संगणकावरही वाचावयास मिळतात. मुखपृष्ठावरील विवस्त्र स्त्रीचित्रांमुळे त्या मासिकाची एक सवंग प्रतिमा झाली आहे, पण आत गेल्यावर दिसतो तो रोखठोक, किंचित रुक्ष, अलंकारांचा तिटकारा असलेला गद्यकार. आम्हांला त्यातील सर्वांत मोलाचे वाटते ते वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे सदर. लोक पत्राने विचारीत, नाव छापले जात नसे, आणि कर्वे थोडक्यात उत्तर देत. हस्तमैथुनाने प्रकृती ढासळते काय, समलिंगी आकर्षण हा रोग आहे काय, अशा त्या शंका. आज ज्याला आपण गरजांचे सर्वेक्षण म्हणतो त्याचे हे मराठीतील पहिले रूप होय, असे आमचे मत आहे. प्रश्नावली संशोधकाने तयार केलेली नाही, नमुना काटेकोर नाही, विचारणारे साक्षर आणि बहुतांशी पुरुष. या मर्यादा मान्य आहेत. तरी कोणीही न विचारता तरुणांनी आपण होऊन काय विचारले याची नोंद या सदराइतकी अन्यत्र मिळत नाही.

आणि खटला झाला तो याच सदरावर. त्याआधी १९३१ मध्ये 'व्यभिचाराचे प्रश्न' या लेखाबद्दल त्यांना शंभर रुपये दंड झाला होता. १९३४ मध्ये वरील प्रकारच्या प्रश्नोत्तरांबद्दल दुसरा खटला उभा राहिला, तेव्हा कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. लैंगिक विषयावरील लेखन तेवढ्यावरून अश्लील ठरत नाही, आणि वाचकाच्या मनात विकृती आहे असे मानले तरी ती घालविण्याचा मार्ग ज्ञान हाच आहे, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. खटला हरला, दंड दोनशे रुपये. आंबेडकरांचा या विषयातील रस न्यायालयापुरता नव्हता. १९३८ च्या नोव्हेंबरात मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या पुरस्काराचा ठराव त्यांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मांडला आणि तोही फेटाळला गेला. वर्ध्याला १९३५ च्या डिसेंबरात सँगरबाईंनी गांधीजींना गाठून पाहिले होते. गांधीजी संयमाखेरीज दुसऱ्या उपायाला अनुकूल झाले नाहीत. राष्ट्रीय चळवळीचा नैतिक कल लक्षात घेतला म्हणजे कर्वे किती एकाकी होते ते उमगते.

अश्लीलतेची कसोटी तेव्हा इंग्लंडातील १८६८ च्या हिक्लिन खटल्यातून आलेली होती: ज्यांचे मन अशा प्रभावाला बळी पडू शकते त्यांना हे लेखन बिघडविते काय? तरुण वाचक हा या कसोटीच्या केंद्रस्थानी आहे, पण केवळ बिघडू शकणारा म्हणून. तो काही विचारीत असेल, याला तेथे जागा नाही. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा'ला सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये निर्दोष ठरविले खरे. हिक्लिनची कसोटी मात्र २०१४ मध्ये सोडली गेली. मर्ढेकरांपासून काकोडकरांपर्यंतच्या अश्लीलतेच्या खटल्यांवर मराठी समीक्षेने पुष्कळ लिहिले, ते सारे कलावंताच्या स्वातंत्र्याच्या बाजूने. वाचकाच्या जाणून घेण्याच्या हक्काच्या बाजूने फारसे लिहिले गेले नाही. कर्व्यांचा खटला वाङ्मयीन खटल्यांच्या यादीत येत नाही, त्याचे कारणही हेच असावे.

येथे भाषेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. मालवणी माणसाच्या तोंडी शिव्या फार, अशी ख्याती आहे, आणि ती खोटी नाही. मालवण तालुक्यातल्या रेवंडीच्या मच्छिंद्र कांबळी यांनी १९८० पासून गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'मधून ही बोली महाराष्ट्रभर आणि परदेशातही नेली. दशावतारात पुरुषाने लुगडे नेसून रात्रभर स्त्रीपार्ट वठवावा आणि गावाने तो श्रद्धेने पाहावा, याचे येथे कोणाला नवल नाही. तरीही याच घरांतील चेडवाला पहिल्यांदा न्हाण येते तेव्हा 'कावळो शिवलो' आणि 'भायर बसली' यांपलीकडे आईपाशी वाक्य नसते. आमच्या पाहण्यात असे आहे की, शरीराच्या त्या अवयवांना बोलीत शब्द आहेत, पण ते शिवी म्हणून. पाठ्यपुस्तकात शब्द आहेत, पण ते संस्कृतातून आलेले, मुलांच्या जिभेवर न बसणारे. मधला शब्द, जो आई मुलीला किंवा शिक्षक वर्गाला न अडखळता म्हणू शकेल, तो नाही. बोलीचा मोकळेपणा आणि ज्ञानाचा मोकळेपणा एकच समजण्याची चूक आपण वारंवार करतो. शिवीमध्ये अवयवाचे नाव येते ते दुसऱ्याच्या आईबहिणीला लावून; त्या नावाने स्वतःविषयी प्रश्न विचारता येत नाही.

कर्व्यांनी ही अडचण संस्कृतच्या बाजूने सोडविली. त्यांचे 'आधुनिक कामशास्त्र' हे नावच पाहा: परंपरेतला प्रतिष्ठित शब्द घेऊन त्याला 'आधुनिक' जोडलेले. पुढे डॉ. विठ्ठल प्रभू यांच्या 'निरामय कामजीवन'नेही तीच वाट धरली. या वाटेने विषयाला प्रतिष्ठा मिळाली आणि मध्यमवर्गीय वाचक मिळाला. मात्र लग्न ठरलेल्या जोडप्याला भेट देण्याचे पुस्तक अशीच त्याची ओळख राहिली. पंधरा वर्षांच्या मुलाला ते द्यावे असे कोणाला वाटले नाही.

संशोधनाच्या क्षेत्रात कोंडी फुटली ती अनपेक्षित ठिकाणी. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांतील ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग असल्याचे दाखवून दिले. हा निबंध 'लॅन्सेट'मध्ये १४ जानेवारी १९८९ च्या अंकात आला. (तारीख कर्व्यांच्या जन्मदिवसाची, आम्ही त्यातून काही सुचवू इच्छीत नाही.) बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपलीकडे खेड्यातील बाईच्या देहाला काही दुखणे असते, हे शासकीय आरोग्ययंत्रणेला त्यामुळे मान्य करावे लागले. त्या कामातूनच पुढे 'तारुण्यभान' ही किशोरवयीनांसाठीची शिबिरे सुरू झाली. 'तारुण्यभान' हा शब्द आम्हांला फार आवडतो. तो संस्कृत आहे, तरी उच्चारताना कोणाची मान खाली जात नाही.

मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या लीना अब्राहम यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात अल्प उत्पन्न गटातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. सर्वेक्षणातील ९६६ जणांपैकी मुलांतील २६ टक्क्यांनी आणि मुलींतील ३ टक्क्यांनी शरीरसंबंधाचा अनुभव सांगितला. आकडेवारीपेक्षा आम्हांला त्या अभ्यासातील शब्द अधिक बोलके वाटतात. मुलामुलींनी आपल्या नात्यांची स्वतःच वर्गवारी केली होती: 'भाई-बहन', 'ट्रू लव्ह' आणि 'टाइमपास'. वर्गातल्या मुलाशी बोलायचे तर त्याला राखी बांधून मोकळे व्हावे, ही पहिली सोय. लग्नाच्या आशेने जडलेले ते दुसरे. आणि तिसऱ्यात मुलगा सुटतो, मुलगी नावानिशी अडकते. साहित्याचा अभ्यासक ज्याला कथनाचे प्रकार म्हणेल तेच हे आहेत. २६ आणि ३ यांमधील दरीही पूर्णतः वर्तनाची नसून काही अंशी सांगण्याची असणार. काय सांगितले तर आपले काय होईल, हे मुलीला आधीच ठाऊक असते.

मराठवाड्यातील पाचोड येथील आरोग्य व्यवस्थापन संस्थेने अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्यांचे वर्षभराचे वर्ग चालविले आणि त्यांचा परिणाम मोजला, तेव्हा त्या गावांतील मुलींचे लग्नाचे वय सोळावरून सतराच्या घरात सरकलेले आढळले. एक वर्ष! वाचणाऱ्याला ते क्षुल्लक वाटेल. पण मधली वर्षे कशी निर्माण होतात याचा हा मोजलेला पुरावा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतही महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले होते. म्हणजे राज्याच्या एका भागात हे अंतर दहा-बारा वर्षांचे आहे आणि दुसऱ्या भागात ते अजून पडतेच आहे. एकच पाठ्यक्रम दोहोंना सारखा कसा लागू पडावा, याचे उत्तर कोणत्याही पुस्तिकेत आम्हांला मिळालेले नाही.

२००७ साली हेच झाले. केंद्र सरकारने २००५ पासून आणलेल्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमातील चित्रांवरून अनेक राज्यांत वादळ उठले, आणि महाराष्ट्रासह सुमारे डझनभर राज्यांनी तो थांबविला. संस्कृतीवर घाला हा एकच सूर सर्व पक्षांतून निघाला. गंमत अशी की, त्याच सुमारास, २००६-०७ मध्ये, महाराष्ट्रासह सहा राज्यांतील पन्नास हजारांहून अधिक तरुण-तरुणींची पाहणी चालू होती. तिच्यात असे शिक्षण मिळालेले सुमारे १५ टक्केच निघाले. ते मिळावे असे वाटणारे पाचांत चार. १९३४ मध्ये न्यायाधीशाने जे केले तेच विधिमंडळाने केले: प्रश्न कोण विचारीत आहे याकडे न पाहता उत्तरातील चित्राकडे पाहिले. राज्यसभेच्या याचिका समितीनेही २००९ मध्ये शाळेत लैंगिक शिक्षण नको असाच अहवाल दिला. नेमके त्याच वर्षी युनेस्कोने जगभरच्या ८७ अभ्यासांचा आढावा घेऊन, अशा शिक्षणामुळे मुले लवकर शरीरसंबंधांकडे वळतात हा समज निराधार असल्याचे म्हटले. पुढे भाषा बदलली. २०१४ चा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आणि नंतरचा शालेय आरोग्य कार्यक्रम यांत 'लैंगिक' हा शब्द मागे गेला व 'स्वास्थ्य' पुढे आला. कर्व्यांनी मासिकाला दिलेलेच नाव. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मधील एका निकालपत्रात सर्वंकष लैंगिक शिक्षणाची निकड आणि त्याविषयीचे गैरसमज यांचा सविस्तर ऊहापोह केला. शाळेपर्यंत त्यातले किती पोहोचले, ते शिक्षकवर्गातील वाचकांना आम्ही सांगावयास नको.

ललित साहित्याने हे काम किती केले? मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) आम्हांला येथे महत्त्वाची वाटते. आणीबाणीच्या काळातील नववीतला मुलगा, एक मुलगी, आणि 'लाईन' नावाचा शब्द. शरीराचे शास्त्र त्या कादंबरीत नाही. एखाद्या व्यक्तीकडे पाहावे, बोलावेसे वाटावे आणि ते तिला चालेल का हे कळू नये, ही अवस्था आहे. कर्व्यांचा भर माहितीवर होता आणि त्यांच्या काळात तो तसाच असणे आवश्यक होते. परंतु नात्यातली संमती, नकार, नकार ऐकून घेणे हे माहितीने येत नाही. त्याची भाषा कथेतूनच मुरते. 'बालक-पालक' हा चित्रपट २०१३ मध्ये गर्दी खेचू शकला तोही चाळीतल्या मुलांच्या कुतूहलाची कथा म्हणून, व्याख्यान म्हणून नव्हे. मराठीच्या तासाला 'शाळा' शिकविणारे प्राध्यापक निवेदनतंत्रावर तास संपवितात आणि मुख्य गोष्टीपाशी घंटा होते.

शिबिरांत आता एक पद्धत रूढ झाली आहे. मुलामुलींना कागदाच्या चिठ्ठ्या देतात, नाव न घालता त्यांनी प्रश्न लिहून पेटीत टाकावयाचा आणि पाहुण्या डॉक्टरांनी एकेक उघडून उत्तर द्यावयाचे. कर्व्यांच्या सदराचेच हे रूप. फरक इतकाच की कर्व्यांचे अंक उरले, आणि या चिठ्ठ्या कार्यक्रम संपला की केरात जातात. त्यांवर ज्या मराठीत, मालवणीत, मोडक्या इंग्रजीत प्रश्न लिहिलेले असतात ती भाषा कोणत्याही कोशात नाही. आमच्या किनाऱ्यावरील एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय हवा असेल, तर त्याने पुढील पाच वर्षे या चिठ्ठ्या, लिहिणाऱ्याची ओळख कोठेही न ठेवता, जपून ठेवाव्यात आणि १९३४ च्या अंकांशेजारी मांडून वाचाव्यात.